थंडीत हरीण पळवू नका: माळावरची काळविटं हिवाळा कशी काढतात आणि आपण काय करायचं

येळवस (म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या) जवळ आली की आमच्याकडं शेताशेतात कोप्या उभ्या राहतात, आंबील-भज्जीचा बेत ठरतो, पुण्या-मुंबईला गेलेली लेकरं गावाकडं येतात आणि त्यातलं एखादं तरी मोटारसायकल काढून माळावर हरणांच्या मागं लागतंच, व्हिडिओसाठी. दरवर्षी मी तोंडानं सांगतो, ह्या वर्षी म्हणलं सगळं एकदा नीट लिहूनच काढावं, म्हणजे नुसतं "अरे नको रे" नाही तर का नको ते पण कळेल, आणि शेतकऱ्यानं काय करायचं, बघायला आलेल्यानं काय करायचं, पाडस सापडलं तर काय, विहिरीत पडलं तर काय, हे पण एका जागी राहील. आमचं शिवार लातूर-धाराशिवच्या सीमेवरचं, त्यामुळं मी जे सांगतोय ते उघड्या माळाचं आहे, दाट जंगलाचं नाही.

आधी कोण कोण आहे ते. आपण सरसकट हरीण म्हणतो पण काळवीट, चिंकारा आणि रोही (म्हणजे नीलगाय) ही खरं तर हरणं नाहीत, ती कुरंग, गाय-शेळीच्या कुळातली. त्यांची शिंगं एकदा आली की जन्मभर राहतात. खरी हरणं म्हणजे चितळ, सांबर, भेकर, ह्यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. चितळ-सांबर बघायचे तर नांदेडच्या किनवटकडं पैनगंगेच्या जंगलात जावं लागतं. बीड, लातूर, धाराशिव, परभणी, जालन्याच्या माळावर जे कळपानं दिसतं ते काळवीट. (जंगलात गळलेलं सांबरशिंग दिसलं तर तिथंच राहू द्या. औषधाला म्हणून लोक घरी आणून ठेवतात, पण ते बाळगणं गुन्हा आहे.)

आता थंडी कशी काढतात ते. ह्यासाठी जरा लांब, बर्फाच्या मुलखात जाऊन येऊ, कारण तिथल्या हरणाचं गणित कळलं की आपल्याकडचं आपोआप कळतं.

तिकडं चार-पाच महिने जमीन बर्फाखाली असते, चारा नाही. अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण हिवाळ्याआधी खाऊन खाऊन चरबी साठवतं आणि मग थंडीत मुद्दाम कमी खातं, पाळलेल्या हरणापुढं गव्हाण भरून ठेवली तरी कमीच खातं. कमी हलतं, कमी खातं, आणि साठवलेली चरबी पुरवून पुरवून वापरतं. केस बदलतात, वरचे लांब केस आतून पोकळ असतात आणि खाली बारीक लव येते, त्यात हवा अडकून बसते, त्यामुळं अंगातली ऊब बाहेर जात नाही, इतकी की पाठीवर पडलेला बर्फ वितळत सुद्धा नाही तसाच पडून राहतो. देवदारासारख्या दाट झाडांच्या खाली बर्फ कमी साचतो, तिथं ही हरणं एकत्र जमतात आणि एकमेकांच्या पावलांवर चालून वाटा तुडवून ठेवतात, म्हणजे खोल बर्फातून ताकद घालवत जायला नको. ऑस्ट्रियात लाल हरणांचा अभ्यास झाला, २००४ साली तो छापून आला, त्यात दिसलं की कडाक्याच्या रात्री हे जनावर हृदयाचे ठोके कमी करून टाकतं आणि अंगाचा बाहेरचा भाग चक्क गार पडू देतं, ऊब फक्त आतल्या आत ठेवतं. आपल्याकडं लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर एकच बल्ब ठेवतो तसं समजा.

रेनडिअर तर अजून पुढं. ते खुरानं बर्फ उकरून खालचं दगडफूल खातं. हो, आपल्या काळ्या मसाल्यात जे दगडफूल पडतं त्याच्याच जातकुळीतलं. त्याचे डोळे उन्हाळ्यात आतून सोनेरी आणि अंधाऱ्या हिवाळ्यात निळे होतात, कमी उजेडात जास्त दिसावं म्हणून. आणि रेनडिअरमध्ये मादीला पण शिंगं असतात, नराची हिवाळ्याच्या तोंडाला गळतात पण गाभण मादीची वसंतापर्यंत टिकतात, म्हणजे उकरलेल्या खड्ड्यावरून दुसऱ्याला हाकलता येतं आणि पोटातल्या जिवाला चारा मिळतो. युरोपातल्या रो हरणाचं तर मला सगळ्यात नवल वाटतं, त्यांचं मिलन जुलै-ऑगस्टला होतं पण गर्भ पोटात तसाच थांबून राहतो, जानेवारीच्या सुमारास वाढायला लागतो, म्हणजे पाडस बर्फात नाही तर मे-जूनच्या हिरव्यात जन्माला येतं. आपल्या देशात काश्मीरचं हांगुल आहे, श्रीनगरजवळच्या दाचीगाममध्ये, ते उन्हाळा वरच्या डोंगरात काढतं आणि बर्फ पडला की खालच्या दरीत उतरतं.

हे सगळं सांगायचं कारण एकच. ह्यातलं एकही जनावर थंडीशी पळून लढत नाही. सगळी ताकद वाचवून लढतात.

आपल्याकडं बर्फ नाही. पण परभणीला कृषी विद्यापीठाच्या शिवारात पारा कधी कधी पाच अंशाच्या खाली जातो, आणि उघड्या माळावर वारा असला की अजून गार लागतं हे रात्रीची लाईट आल्यावर पाणी द्यायला जाणाऱ्याला विचारा. मात्र काळविटासाठी आपला खरा वाईट काळ हिवाळा नाहीच, उन्हाळा आहे. मार्च ते मे. तिकडचं हरीण उन्हाळ्यात कमावतं आणि हिवाळ्यात खर्च करतं, आपलं काळवीट पावसाळ्यात आणि हिवाळ्यात कमावतं आणि उन्हाळ्यात खर्च करतं. दिवाळीनंतर पवना, कुसळी, मारवेल ही गवतं वाळायला लागतात, वाळलेल्या गवतात सत्त्व कमी, मग ते बोरीचा पाला, पडलेली बोरं, बाभळीच्या आणि वेड्या बाभळीच्या शेंगा, आणि अर्थातच आपला हरभरा, ह्याच्यावर येतं. चिंकारा तर पाण्याशिवाय लई दिवस काढतो, पाल्यातला ओलावा आणि सकाळचं दहिवर त्याला पुरतं. डिसेंबर-जानेवारीत जे अंगावर चढेल तेच मे महिन्यात कामाला येणार, आणि ज्या मादीच्या पोटात पाडस आहे तिचं तर दोन जिवांचं गणित.

सकाळी साडेसात-आठला माळावर जाऊन बघा, कळप उन्हाला आडवा उभा असतो, तोंड नाही, अख्खी कूस उन्हाकडं. अंगावरचे केस फुललेले, त्यामुळं जनावर आहे त्यापेक्षा जाड दिसतं. मग हळूहळू चरायला लागतात, आणि उन्हाळ्यात जसं फक्त सकाळी-संध्याकाळी चरतात तसं नाही, थंडीत भर दुपारी पण चरताना दिसतील. मधे बसून रवंथ. ही रवंथ करत बसलेली हरणं बघून लोकांना वाटतं की रिकामी बसलीत, जरा उठवून पळताना बघू. रिकामी नसतात. पोटात चारा आंबतो तेव्हा ऊब तयार होते, ती त्यांची शेकोटी आहे, आणि तुम्ही पळवलं की शेकोटी विझवून वरून लाकडं पण नेली असं होतं.

म्हणून पहिलं काम: पळवायचं नाही. बघायला जायचं तर जरूर जा, पण असं. गाडी रस्त्यावरच ठेवा, इंजिन बंद करा, आत बसूनच बघा, चालत्या माणसापेक्षा उभ्या गाडीला हरणं कमी बुजतात. चालत जायचंच असेल तर सरळ त्यांच्या दिशेनं जाऊ नका, तिरकं, आपण आपल्या कामाला चाललोय असं जा. चरणाऱ्या हरणांनी माना वर केल्या की थांबा. कान तुमच्याकडं लावून टक लावून बघायलेत म्हणजे तुम्ही जेवढं जवळ जायचं तेवढं गेलात. एखाद्यानं पाय आपटला किंवा चारी पायांवर उंच उडी मारली तर दोन पावलं मागं या. कुत्रा सोबत नको, ड्रोन नको, रात्री बॅटरी मारत फिरायचं तर बिलकुल नको. दुर्बीण असेल तर शंभर-दीडशे मीटरवरून इतकं छान दिसतं की जवळ जायची गरजच नाही, काळ्या पाठीचे नर किती, तपकिरी माद्या किती, पाडसं किती, एवढं मोजून वहीत लिहा. नर ठराविक जागी लेंड्यांचा ढीग करून ठेवतो, ती त्याच्या हद्दीची खूण, ती पण शोधा. फोटो टाकला तर गावाचं नाव, लोकेशन टाकू नका, शिकार करणारे पण फोन वापरतात. काळवीट आणि चिंकारा दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे, हे पोरांना स्पष्ट सांगून ठेवा.

दुसरं, आणि हे चांगल्या मनाच्या माणसांसाठी आहे: खायला टाकू नका. थंडीत बिचाऱ्यांना काही नसेल म्हणून कुणी माळावर मका, ज्वारी, शिळ्या भाकरी, लग्नातला उरलेला भात टाकतं. भावना समजते मला, पण हे मारून टाकणारं आहे. हरणाच्या पोटात जे बारीक जीवजंतू चारा पचवतात ते ज्या चाऱ्याची सवय आहे त्याच्यापुरतेच तयार असतात, वाळलं गवत आणि पाला खाणाऱ्या पोटात एकदम धान्य गेलं की आत आम्ल तयार होतं आणि जनावर भरल्या पोटी मरतं. अमेरिकेत हिवाळ्यात लोकांनी दयेनं टाकलेला मका खाऊन हरणं अशीच मरतात. पण त्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं, ज्याची शेळी रात्री सुटून ज्वारीच्या पोत्यात तोंड घालून बसली त्याला सकाळी काय झालं ते विचारा. पोटातले जीवजंतू नव्या खुराकाला बदलायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून तर आपण बैलाचा खुराक पण हळूहळू वाढवतो. शिवाय एका जागी टाकलं की सगळा कळप एका जागी गोळा होतो, रोग पसरतो, आणि कुत्र्यांना पत्ता कळतो.

मदत करायचीच असेल तर बांधावरची बोर आणि बाभूळ तोडू नका. आणि गायरान पेटवू नका. जानेवारीत वाळलं गवत दिसलं की काडी ओढायची सवय आहे आपल्याकडं, पुढच्या पावसात गवत चांगलं येतं म्हणतात, पण त्या वाळल्या गवतात हरणांचे अजून तीन महिने असतात, आणि पाडसांची लपायची जागा असते.

पाडसावरून आठवलं, हे मला जरा सविस्तर सांगायचंय. मी सहावीत असताना तुरीच्या कडेला गवतात एक पाडस सापडलं. एकटं, गप पडलेलं, कान मागं चिकटलेले, मी जवळ गेलो तरी हललं नाही. मला वाटलं आई सोडून गेली. उचलून घरी आणलं, आईनं बाटलीनं गाईचं दूध पाजलं, पोत्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवलं, तिसऱ्या दिवशी गेलं. आज्जा त्या दिवशी एकच बोलला, "त्याची माय शोधायली असंल रं." तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं की मादी पाडसाला मुद्दाम गवतात लपवून ठेवते, स्वतः लांब चरते, आणि दिवसातून थोड्याच वेळा पाजायला येते. कारण लांडगा आणि कुत्रा पळणाऱ्याला पकडतात, पडून राहिलेलं पटकन दिसत नाही. म्हणजे ते पाडस अनाथ नव्हतं, आईनं ठेवलं तिथं बरोबर होतं.

तर पाडस दिसलं की हात लावू नका, फोटो काढत बसू नका, जागा लक्षात ठेवून लगेच मागं फिरा, कारण तुम्ही उभे आहात तोवर आई येणार नाही. कुत्रं सोबत असेल तर आधी त्याला लांब न्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लांबूनच एकदा नजर टाका, बहुतेक वेळा जागा रिकामी असते. तूर कापायला किंवा करडई काढायला बाया लावणार असाल तर त्यांना आधीच सांगून ठेवा, आणि मधे पाडस निघालं तर तेवढा पट्टा संध्याकाळपर्यंत सोडा. पाडस जखमी आहे, माशा बसल्यात, किंवा आई शेजारी मरून पडलीय, तरच वनविभागाला फोन, नंबर १९२६, महाराष्ट्रभर हाच. तोवर सावलीत, शांत जागी ठेवा, दूध-पाणी काहीही तोंडात ओतू नका.

विहिरी. रात्री कुत्र्यांनी पळवलं की हरीण अंधारात उधळतं आणि बिनकठड्याच्या विहिरीत जातं. असं झालं की गावातली पोरं दोर घेऊन उतरायला निघतात, थांबवा त्यांना. आधी १९२६ ला आणि जवळच्या वनरक्षकाला फोन करा, मग गर्दी हटवा, अगदी पन्नास पावलं मागं, आवाज बंद. पाणी खोल असेल तर बाज (खाट) चारही बाजूंनी दोर बांधून पाण्यालगत सोडा, नाहीतर मोठी फांदी, म्हणजे जनावराला टेकायला जागा होते आणि ते बुडत नाही. गळ्यात फास टाकून ओढायचं नाही. वर काढल्यावर डोळ्यावर मऊ फडकं बांधा, डोळे झाकले की ते बरंच शांत होतं, नाक मोकळं ठेवा. कुशीवर आडवं पाडू नका, बसतं ठेवा, नाहीतर पोट फुगतं. थंडीत भिजलेलं असेल तर कोरड्या पोत्यानं पुसून घ्या आणि वाऱ्याच्या आडोशाला ठेवा. हे सगळं शांतपणे करायचं कारण असं की हरीण भीतीनं मरतं, खरोखर मरतं. खूप पळालं आणि खूप भ्यालं की त्याचे स्नायू आतल्या आत तुटतात, त्यातलं विष रक्तात जातं, आणि सोडल्यावर टुणटुणीत पळून गेलेलं जनावर दोन-चार दिवसांनी लांब कुठंतरी मरून पडतं. आपण मात्र वाचवलं म्हणून फोटो टाकलेला असतो. मोटारसायकलवरून पळवणाऱ्या पोरांनी पण हे वाचावं.

आता हरभरा. ज्याचं रान खाल्लं जातं त्याला हरणावर माया कर म्हणणं सोपं नाही, माझं पण खाल्लंय, रात्रीतून शेंडे खुडलेलं रान बघून जीव जळतो. जे उपयोगी पडलं ते सांगतो. कडेनं करडईच्या चार-पाच ओळी दाट पेरा, जुनी माणसं उगाच करत नव्हती, काटे धरले की जनावर आत शिरायला कचरतं, मात्र करडई कोवळी आहे तोवर राखण लागतेच. जुन्या साड्या कडेनं ताणून बांधल्या की काही दिवस काम होतं, मग सवय होते, म्हणून आठ-दहा दिवसांनी जागा आणि रंग बदला. झटका मशीन (कुंपणाच्या तारेला हलका झटका देणारं) चांगलं, पण सोलरवरचं, तयार मिळतं तेच. तारेत सरळ लाईनचा करंट सोडायचा नाही, त्यात हरीण मरतं, आपलं बैल मरतं आणि पाणी द्यायला आलेला शेजारी पण मरतो, आणि मग जेल. हाकलायचं तर माळाच्या दिशेनं, ओरडून, हळूहळू हाकला, रस्त्याकडं किंवा विहिरीकडं नाही, आणि कुत्रं सोडून नाही. नुकसान झालं तर भरपाई मिळते. दोन-तीन दिवसांच्या आत वनविभागाकडं अर्ज करा, खाल्लेल्या रानाचे, पावलांचे, लेंड्यांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा, पंचनाम्याला वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहाय्यक येतात, त्याआधी रान मोडू नका.

गावातली मोकाट कुत्री हा आज लांडग्यापेक्षा मोठा ताप आहे असं मला वाटतं. लांडगा हिवाळ्यात पिल्लांना जन्म देतो, त्याला शिकार लागते, आणि तो बहुतेक कच्चं, आजारी, म्हातारं उचलतो, ते माळाचं पहिल्यापासूनचं चालत आलेलं आहे. कुत्री नुसती पळवतात, रोज पळवतात. शेतातल्या आखाड्यावरचं कुत्रं रात्री बांधून ठेवा आणि मेलेली जनावरं, कोंबड्यांची घाण माळावर टाकू नका, त्याच्यावरच कुत्र्यांच्या टोळ्या पोसतात.

रस्त्याचं थोडक्यात: संध्याकाळी सहा ते आठ आणि सकाळी धुई (धुकं) असताना गाडी हळू चालवा, एक हरीण आडवं गेलं की लगेच गाडी दामटू नका, मागं अजून असतात. समृद्धी महामार्गावर जनावरांसाठी पूल आणि भुयारी वाटा केल्यात, आपल्या गावच्या रस्त्यावर तसं काही नाही, तिथं तुमचा ब्रेकच.

येळवसेला अजून वेळ आहे तोवर एक काम करता येईल. तरुण पोरांना घेऊन आपल्या शिवारातल्या उघड्या विहिरी मोजा. माळाच्या कडेच्या, जमिनीबरोबर असलेल्या, गवतानं झाकलेल्या आधी. पक्का कठडा बांधायला पैसे नसतील तर बाभळीचे खांब रोवून त्याला कंबरेएवढं काटेरी कुंपण करा, निदान बोरीच्या फांद्या तरी गच्च रचा, आणि खांबाला पांढरं फडकं बांधा म्हणजे रात्री चांदण्यात दिसतं. आम्ही मागच्या वर्षी चार झाकल्या. अजून सात राहिल्यात.